भिंतीपलीकडचं हसू

रुचिरा हसली, आणि ते हसू तिचं नव्हतं.

दुपारचे साडेतीन वाजले होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर पाण्याचे नमुने तपासणारी ती लॅब. रुचिरा उजेडाच्या काचेवर बशी ठेवून जिवाणूंचे ठिपके मोजत होती. एक ठिपका मोजला की बशीच्या पाठीवर पेनानं एक टिंब, म्हणजे तोच ठिपका पुन्हा मोजला जात नाही. शेजारच्या टेबलावरून सुयोग म्हणाला, "ह्या सोसायटीत कुटुंबं साठ आणि टाकीत रहिवासी साठ लाख. ह्यांच्या मीटिंगला कोरम कधी कमी पडायचा नाही." ती हसली. आधी श्वास आत ओढला गेला, मग घशात दोन तुटक ठोके, आणि मग जिना उतरल्यासारखा खाली खाली येत विरणारा एक लांब सूर. तो विरायच्या आत तिच्या हातातलं पेन थांबलं. हे संघमित्राचं हसू होतं, नाटकातल्या तिच्या जोडीदारणीचं. आठवण यावी तसं जवळपासचं, थोडंफार तसलं नव्हे. दोन ठोक्यांमधलं अंतरसुद्धा तेच.

"ए, हे नवीन काय?" सुयोग म्हणाला.

"काय नवीन?"

"आधी तू शिंकल्यासारखी हसायचीस. नाकातून फुस्स, आणि मग एकदम हॅ! आम्ही दचकायचो यार. हे झकास आहे. क्लास लावलास का?"

 मोजणी एकशे चौदावर होती की एकशे एकवीसवर, हे तिला आठवेना. ती उठून वॉशरूममध्ये गेली, दाराला कडी घातली आणि आरशासमोर उभं राहून शिंकल्यासारखं हसून पाहिलं. फुस्स जमलं. हॅ जमलं नाही. तोंड उघडायचं, पोट आत घ्यायचं, आवाज सोडायचा, एवढंच होतं ते. पण निघायचा तो आवाज कुणाची तरी नक्कल केल्यासारखा निघायचा. सव्वीस वर्षं आपण कसे हसत होतो हे दुसऱ्या माणसानं सांगावं लागतं आणि सांगूनही जमत नाही, याचं तिला भय वाटायच्या आधी कुतूहल वाटलं. भय नंतर वाटलं, बाहेर येऊन पुन्हा बशीसमोर बसल्यावर.

चार दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, मुलुंडच्या नाट्यगृहात त्यांच्या नाटकाचा स्पर्धेतला प्रयोग होता. नाटक आवडती-नावडतीच्या जुन्या कहाणीवरचं. एक राजा, त्याच्या दोन राण्या. आवडती महालात, नावडती गोठ्याशेजारच्या खोपटात. सहदेव सरांनी ते लिहिलं होतं आणि तेच बसवत होते, आणि त्यांच्या नाटकात राजा येतच नसे. रंगमंचाच्या मधोमध तट्ट्याची एक भिंत, भिंतीसमोर पाट, पाटावर पगडी. तीच राजा. भिंतीच्या एका अंगाला आवडती हसते, दुसऱ्या अंगाला नावडती जात्यावर दळता दळता ते ऐकते. ऐकून ऐकून ती आवडतीसारखी चालायला शिकते, तिच्यासारखं कुंकू लावते, तिला जे खावंसं वाटतं ते हिला खावंसं वाटायला लागतं. मग आवडतीला कळतं की नावडती आपल्याकडे बघते आहे, आणि ती नावडतीकडे बघायला लागते: ह्या बाईकडे असं काय आहे की हिला एवढं दळूनही थकवा येत नाही? शेवटी महालातली खोपटात जाते, खोपटातली महालात, आणि पगडी पाटावर होती तिथेच राहते. "राजाला कुणीच विचारत नाही," सहदेव सर म्हणायचे. "विचारायची गरजच पडत नाही ना. हिला पाहिजे म्हणून तिला पाहिजे. खल्लास."

संघमित्रा आवडती होती, रुचिरा नावडती. घाटकोपरच्या एका शाळेत संध्याकाळी तालीम व्हायची. रुचिरा अंधेरीहून मेट्रोनं यायची, संघमित्रा तिथलीच, बँकेतून सुटून चालत यायची आणि येताना सगळ्यांसाठी वडापाव आणायची, त्यातला जास्त चटणीवाला न विचारता रुचिराच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी सरांनी दोघींना सांगितलं होतं, "तीन महिने दोघींनी एकमेकींना उचलायचं. चालणं, बसणं, शिंकणं, सगळं. रोज अर्धा तास सावली." सावली म्हणजे एकीनं वर्गभर फिरायचं आणि दुसरीनं तिच्या दोन पावलं मागे तिची सावली होऊन. रुचिराला ह्यात काही अवघड वाटलं नाही. निरीक्षण तिचं कामच होतं. तिनं वहीच केली. संघमित्रा उजवं पाऊल आधी टाकते. ऐकताना मान डावीकडे. नाही म्हणायचं असेल तर आधी हसते. कपाळावरचे केस मनगटानं मागे सारते, बोटांनी नाही. अशी एकशे चाळीस टिपणं झाली. ती टिपणं करताना आपल्याला अशी बाई व्हायचं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. की वाटलं होतं? पहिल्या वाचनाला संघमित्रानं आवडतीचं पहिलं वाक्य वाचलं आणि वर्गातला पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला, तेव्हा रुचिराचं बोट आपल्या प्रतीत त्याच वाक्यावर जाऊन थांबलं होतं. हा रोल आपल्याला हवा होता, असं तिला त्या क्षणी कळलं. पण त्याच्या आधीच्या क्षणी तर ती नुसती बसलेली होती, शाळेच्या छोट्या बाकावर, गुडघे वर घेऊन, तिला काहीच नको होतं.

नावडती मात्र हळूहळू तिची झाली, आणि तिची झाली ती एका जागेमुळे. पहिल्या अंकात भिंतीपलीकडून आवडतीचं हसू येतं आणि नावडती दळता दळता थांबते. संहितेत एवढंच होतं. रुचिरा थांबली, तिनं मान वर उचलली, आणि ओठाचा एकच कोपरा वर गेला. विनोद काय झाला हे ठाऊक नाही, कुणी सांगणार नाही, तरी पलीकडे हसताहेत तर आपणही थोडं हसावं, असं ते अर्धं हसू. मग ते तिथेच विसरून तिनं पुन्हा खुंटा धरला.  सहदेव सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे कुठून आणलंस गं?" ती म्हणाली, "आलं, सर." त्यानंतर ज्यानं कुणी तालीम पाहिली तो त्या हसण्याबद्दलच बोलला. आवडती छान आहे. पण नावडती, बापरे. संघमित्रा ते ऐकायची, मान डावीकडे करून.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी संघमित्रा मुलुंडला रुचिराच्या घरी आली. रविवार होता. बाहेरच्या खोलीत रुचिराचे वडील काशीराम आणि त्यांचे दोन गाववाले कुठल्यातरी लग्नातली फजिती आठवून टाळ्या देत हसत होते. स्वयंपाकघरात आई, शकु, भाकरी थापत होती. हसणं भिंतीतून आलं. आईचे हात परातीत थांबले. मान वर झाली. ओठाचा एकच कोपरा उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला, आणि पुन्हा भाकरी. रुचिरानं ते आयुष्यभर पाहिलं होतं, इतकं की पाहिलं आहे हेच तिला माहीत नव्हतं. आई कधी उठून बाहेर जाऊन 'काय झालं' असं विचारत नसे, आणि बाहेरचंही कुणी आत येऊन सांगत नसे. दाराशी उभ्या संघमित्रानं रुचिराचा दंड धरला. "अगं," ती हळूच म्हणाली, "हे तर काकूंचं."

रुचिराचे कान तापले. "मग?"

"मग काही नाही. मला वाटत होतं तुझं आहे." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, सुटका होती. "तू पण उचललंसच ना! मी उगाच इतके दिवस जळत होते. आणि माझं हसणं तरी माझं कुठंय? बाबांचं आहे ते. चौदा एप्रिलच्या जयंतीला स्टेजवर गाताना कडवं विसरले की आमचे भाऊराव असेच हसतात, अख्खी वस्ती ओळखते."

त्याच आठवड्यात संघमित्रानं सरांना सांगितलं की तिला नावडती करून बघायची आहे. सरांना गंमत वाटली. नाटकातच बायका जागा बदलतात, तर तालमीत का नको? त्यांनी अदलाबदल करून पाहिली. संघमित्रा जात्यापाशी बसली. भिंतीपलीकडून रुचिरा हसली, श्वास, दोन ठोके, जिना. संघमित्राची मान वर झाली, ओठाचा कोपरा उचलला गेला. रुचिरा तट्ट्याच्या फटीतून बघत होती. ते तंतोतंत होतं. कदाचित जास्तच बरोबर होतं. संघमित्रानं ते थेट आईकडून घेतलं होतं, रुचिरामार्फत नव्हे. त्या फटीतून बघताना रुचिराला नावडती इतकी हवीशी वाटली तितकी ती स्वतः करत होती तेव्हा कधीच वाटली नव्हती. रात्री अंथरुणावर पडून तिनं याचा नीट विचार करायचा प्रयत्न केला. मला ही भूमिका हवी आहे, हे एक वाक्य. संघमित्राला ती हवी नसती तरी मला हवी असती, हे दुसरं. पहिलं खरं होतं. दुसरं तपासायचं कसं? ज्यात संघमित्रा मिसळलेली नाही असा एकही नमुना तिच्याकडे शिल्लक नव्हता. बशीत एकदा बाहेरचा जंतू शिरला की सगळी बशी फेकून द्यावी लागते. पण बशीला स्वतःला फेकता येत नाही.

बुधवारी, ती लॅबमध्ये हसली त्याच संध्याकाळी, सरांनी फैसला सांगितला. फैसला असा की ते फैसला करणार नव्हते.

"दोघींना दोन्ही येतात. मी एकीला सांगितलं तर दुसरी मनात धरणार. आमच्याकडे बाप दशावतारात होता माझा. दोन पार्टी, म्हणजे नट, एका सोंगासाठी अडले की देवळात कौल लावायचे. देवाच्या दोन खांद्यांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर ह्याचं, डावी पडली तर त्याचं. मग कुणी तोंड वाकडं करत नसे. रविवारी नटराजाच्या पूजेला आपण तेच करू. उजवी पडली तर रुचिरा नावडती, डावी पडली तर संघमित्रा. दोघी दोन्हीसाठी तयार राहा."

"सर, पाकळीनं पात्र ठरवायचं?" संघमित्रा आधी हसली आणि मग म्हणाली. "मी ह्याला हात लावणार नाही हां. आमच्या घरात हे नाही. तुम्ही करा, जे येईल ते मला मान्य."

"मग रुचिरा लावेल पाकळ्या," सर म्हणाले. "तुझा तिच्यावर विश्वास आहे ना?"

"तिच्यावर नाही तर कुणावर? मीच आहे ती," संघमित्रा म्हणाली, आणि सगळे हसले. रुचिराही हसली. कोणतं हसू, ते तिनं तपासलं नाही.

शुक्रवारी ती घरी येताना तगरीची फुलं घेऊन आली. फ्रिजच्या दारावर पाण्यात बुडवलेली एक पाकळी लावली आणि मोबाइलवर घड्याळ सुरू केलं. सपाट लावून अंगठ्यानं खालची हवा काढली तर पाकळी दहा मिनिटं झाली तरी जागची हलत नाही. पण बुडवून झटकली, देठाकडचा जाड भाग मोकळा ठेवला आणि नुसतं टोक टेकवलं, तर ती स्वतःच्या वजनानं पडते. तीस सेकंदांपासून पंचावन्नपर्यंत. मग नटराज पितळेचा आहे हे आठवून तिनं पितळेचा तांब्या घासून घेतला आणि त्यावर वीस वेळा करून पाहिलं. सरासरी त्रेचाळीस सेकंद.  कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच आपण काहीतरी आपलं करतो आहोत असं तिला वाटत होतं. आई दारात केव्हा येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"काय करतंस गो?"

"काही नाही. प्रयोग."

"तांब्याक फुलां चिकटवन? देवाक कौल लावतंस काय?" आईनं तांब्या हातात घेऊन त्यावरची पाकळी नखानं सोडवली. "कौल लावच्या आधी काय मागूचा हा, तां ठरवूक व्हया. नायतर देव देता आणि माणूस बसता बघत."

"आई, तुला कधी काही मागायचं होतं?"

"माका?" आईनं तांब्या खाली ठेवला. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी हसलं. आईची मान वर झाली. रुचिरानं चटकन डोळे तांब्याकडे वळवले. तिला ते बघायचं नव्हतं. "भात लावूक व्हयो," आई म्हणाली आणि गेली.

रविवारी रंगमंचावर, पडदा बंद असताना, विंगेजवळच्या टेबलावर नटराज ठेवला होता. उदबत्ती, नारळ, फुलांची परडी, पाण्याची वाटी. रंगपटातून दोघी एकसारख्या निघाल्या होत्या: तेच नऊवारी नेसणं, तोच अंबाडा, कोण कुठली राणी ते शेवटच्या क्षणी वरून पांघरायच्या वस्त्रानं ठरणार होतं, भरजरी शाल की घोंगडी. सगळे अर्धगोल उभे राहिले. संघमित्रा चपला काढून, हात मागे बांधून, जरा बाजूला. सरांनी खूण केली. रुचिरानं डाव्या खांद्यावर पाकळी लावली, सपाट, अंगठ्यानं हवा काढून. उजव्या खांद्यावरची बुडवली, झटकली, टोक टेकवलं. कुणाला काही दिसलं नाही. दिसण्यासारखं काही नव्हतंच. ती मागे सरकून संघमित्राशेजारी उभी राहिली आणि मनात आकडे मोजू लागली. आठ. नऊ. दहा.

"ऐक ना," संघमित्रा तिच्या कानाशी कुजबुजली. "डावी पडली तरी मी सरांना सांगणार आहे. नावडती तूच कर."

रुचिराचा आकडा चुकला. "का?"

"काल रात्री कळलं यार. मला ती नकोच होती. दुसरीच्या डब्यातली भाजी असते ना, तसं. तुझ्या ताटात होती म्हणून." तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले. "आणि मी आवडतीला एक मस्त नवीन गोष्ट दिलीय. तुला आवडेल. घाबरू नकोस फक्त."

वीस, कदाचित बावीस. रुचिरा पितळेकडे बघत होती. तिच्या आत इतके आठवडे ताणून धरलेलं काहीतरी सैल पडत चाललं होतं. नावडती तिच्यासमोर टेबलावर ठेवलेली होती, कुणाचा हात तिच्याकडे येत नव्हता, आणि ती एक जुनी घोंगडी होती, एक जातं, आणि आईचा चोरलेला चेहरा. ती मला नको, हे तिला स्पष्ट दिसलं. संघमित्रानं आवडतीला काय दिलं आहे? आवडती आपली असती तर? तिनं डाव्या पाकळीकडे पाहिलं, पड, पड, असं मनात म्हणत. ती पाकळी सपाट, घट्ट, पितळेला रंगवल्यासारखी बसली होती. तिनंच बसवली होती. आपण 'थांबा' म्हणू शकतो, असं तिला वाटलं. पण थांबा म्हणून पुढे काय सांगायचं? की मी लबाडी केली? की ज्याच्यासाठी केली ते आता नको आहे, कारण तिला नको आहे? चाळीस.

उजवी पाकळी सुटली, नटराजाच्या गुडघ्याला आपटून टेबलावर पडली. शेहेचाळीस. अंदाज तीन सेकंदांनी चुकला होता. "झालं!" सर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला, संघमित्रानं तिला घट्ट मिठी मारली आणि स्वतःच्या हातानं तिच्या अंगावर घोंगडी घातली.

पडदा उघडला तेव्हा ती जात्यापाशी होती. उजेड पिवळा आणि गरम होता. तिसऱ्या रांगेत आई-वडील बसले होते, एवढं तिला ठाऊक होतं, कारण पास तिनंच आणले होते. ती दळत होती. ओवीच्या दोन ओळी झाल्या. आता पलीकडून हसू येणार: आत ओढलेला श्वास, दोन ठोके, जिना. आणि मग तिनं मान उचलायची, कोपरा उचलायचा, जसं नव्वद वेळा केलं तसं. ह्या वेळी करू नये, असा विचार तिच्या मनात आला. खुंटा तसाच फिरवत राहावं, मान खाली, चेहरा कोरा. निदान एवढं तरी आपण ठरवलेलं असेल. तिनं दात आवळले, नजर जात्याच्या तोंडाशी रोवली आणि वाट पाहिली.

भिंतीपलीकडून आवाज आला. नाकातून फुस्स. आणि मग एकदम, हॅ!

प्रेक्षागृह दचकलं आणि त्याच दचक्यावर खळखळून हसलं. रुचिराचे हात थांबले. ते हसू तिनं ओळखलं; चार दिवस आरशासमोर, मेट्रोच्या काचेत, बादलीत नळ सोडून ती ते शोधत होती आणि ते तिला सापडलं नव्हतं. ते इथे होतं, तट्ट्याच्या पलीकडे, महालात, धडधाकट, पुन्हा एकदा, फुस्स, हॅ!, आणि तिला तिथे जाता येत नव्हतं. नेमकं काय झालं म्हणून तिकडे हसताहेत, तेही तिला माहीत नव्हतं. तिची मान वर झाली होती. तिनं ती केली नव्हती. ओठाचा एक कोपरा उचलला जात होता आणि तो खाली ओढायला लागणारा स्नायू कुठे आहे ते तिला सापडेना.

रंगमंचावरचा उजेड तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत होता. वडील शेजारच्या माणसाला कोपर मारून हसत होते. आई हसत नव्हती. तिचे रिकामे हात मांडीवर थांबले होते, मान वर होती, आणि ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आरशात अचानक स्वतःला पाहिलेल्या माणसासारखी. मग तिच्याही ओठाचा तोच कोपरा वर गेला. दोघी तशाच एकमेकींकडे बघत राहिल्या, आधी दुसरी ते ओठावरून पुसेल म्हणून वाट बघत. आणि पलीकडे ते जुनं हसू पुन्हा हसलं.